मधल्या कोनाड्यातला वाडगा

हसीबा आणि शमूनी यांच्या अंगणांमध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. दोन्ही बाजूंना लाकडी झडप. इकडून वाडगा ठेवायचा, झडपेवर टकटक करायची, की तिकडून हात यायचा. मोसुलच्या गल्ल्यांत अशा कोनाड्यांचे कुणाला नवल नव्हते. पण या एका कोनाड्यातून जेवढे दही, जेवढे भरलेले कांदे आणि जेवढ्या चहाड्या इकडून तिकडे गेल्या, तेवढ्या साऱ्या मोहल्ल्यातून मिळून गेल्या नसतील.

वाडगा हसीबाचा होता. तांब्याचा, कलई केलेला, कडेला एक पोचा पडलेला. तो पोचा तिच्या गवंडी नवऱ्याने, उस्ता जर्जीसने, नव्या संसारात पाडला होता. वाडग्यात गिलावा कालवला आणि तो आवळल्यावर ठोकून काढायला गेला, म्हणून. त्याबद्दल तो अजून बोलणी खात होता.

शेजाऱ्याचा वाडगा रिकामा परत द्यायचा नाही, एवढा एक नियम दोघी जीव गेला तरी मोडत नसत. एकदा शमूनीच्या घरात लगीनघाई होती, तेव्हा तिने धुतलेल्या वाडग्यात तुळशीची दोन पाने टाकून पाठवली होती. हसीबाने ती पाने डोक्याच्या रुमालात खोचून दिवसभर मिरवली. "शमूनीनं मला बाग पाठवली," म्हणून गल्लीभर सांगत फिरली. चांगल्या दिवसांत सगळ्याचीच गंमत होते.

मग इराणच्या शाहाची फौज आली. शहराच्या वेशी बंद झाल्या आणि तोफा सुरू झाल्या. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे आधीच आत येऊन मशिदींत, चर्चांत, खाणावळींच्या ओट्यांवर पसरली होती. बाजारात आधी तांदूळ दिसेनासा झाला, मग मसूर, मग मांजरे.

हसीबाचा बुरगुल तोवर तयार होता. गहू उकडून, वाळवून, भरडून तिने तळघरातल्या रांजणात भरून ठेवला होता. रांजण गळ्यापर्यंत होता आणि खाणारी तोंडे दोनच. तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन अर्बिलला होत्या. शमूनीचे नशीब आडवे आले. तिचा उकडलेला गहू गच्चीवर वाळत पडलेला असताना पहिल्याच दिवशी तोफेचा गोळा शेजारच्या कठड्यावर बसला, आणि दगड, माती, काचा सगळे गव्हात मिसळले. सासू-सुनेने पाखडून, वेचून, धुऊन जेमतेम पाव हिस्सा वाचवला. शमूनीचा मुलगा दाऊद कापडाचे गठ्ठे घेऊन काफिल्याबरोबर दूर हलब शहरात गेला होता, तो वेशी बंद होण्याआधी परतला नव्हता. घरात शमूनी, सून सोसन, आणि सोसनच्या अंगावर पिणारा बेहनाम.

हसीबाने वाडगा भरला. शिजवलेला बुरगुल, वर चमचाभर तेल. झडपेवर टकटक केली.

"शमूनी, अगं जास्त झालाय. आमचा म्हातारा खातो कुठं एवढं!"

"असू दे गं, आहे आमच्याकडं," पलीकडून आवाज आला. पण हात आला आणि वाडगा गेला.

दुसऱ्या दिवशी वाडगा परत आला. त्यात मनुका होत्या. हसीबा खूश झाली. शेजारणीकडे मनुका उरल्यात म्हणजे बरे चालले आहे म्हणायचे. तिने पुन्हा बुरगुल पाठवला. वाडगा परत आला, त्यात वाळवलेल्या वांग्यांच्या चकत्या. पुन्हा पाठवला. डाळिंबाच्या काकवीची बाटली आली, तळाशी बोटभर काकवी. मग सुके अंजीर आले, मोजकेच. मग सुमाकची आंबट पूड, कागदाच्या पुडीत.

"मोठी हावरी आहेस," जर्जीस अंजीर चघळत म्हणाला. "बुरगुल देऊन बिचारीचं कोठार लुटतेस."

"खातोय कोण?" हसीबा म्हणाली. पण बोलता बोलता तिचा हात थांबला.

दुपारी तिने झडप उघडली आणि डोके आत घातले. कोनाड्याच्या पलीकडे शमूनी चुलीपाशी बसली होती. चूल थंड होती. शमूनी मुळातच चवळीच्या शेंगेसारखी, पण आता तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"जेवलीस का गं?"

"उपास आहे."

"आज? आज तर सोमवार. तुमचा उपास बुधवारी आणि शुक्रवारी."

"निनवेचा उपास धरलाय."

हसीबा हसली. चाळीस वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलेली बाई ती. शेजारणीच्या उपासांच्या तिथ्या तिला स्वतःच्या रमजानइतक्या पाठ होत्या. "निनवेचा उपास? अगं, तो कडाक्याच्या थंडीत येतो! तेव्हा तू दरवर्षी माझी शेगडी मागून नेतेस."

"यंदा आमच्या पाद्रीबाबांनी आधी धरायला सांगितलाय. गावावर संकट आहे ना." शमूनीने तोंड दुसरीकडे वळवले. "तुझं आपलं काहीतरीच. मुसलमान बाई मला माझे उपास शिकवतेय!"

असेलही, हसीबाला वाटले. ते जुने निनवे गाव नदीच्या पलीकडेच होते, आणि तिथल्या माणसांनी उपास करून गावावरचे संकट टाळल्याची गोष्ट तर दोघींच्याही घरात सांगत. पण शमूनीने तोंड वळवले होते ते तिला आवडले नाही. शमूनी खोटे बोलताना तोंड वळवते, हे सोसनलाही माहीत नसेल, पण हसीबाला माहीत होते.

मग हसीबाने युक्त्या सुरू केल्या. वाडगा गेला तर वाडगा भरून परत येतो, तर मग वाडगाच नको. तिने फुटक्या मडक्याच्या खापरावर बुरगुल ठेवून पाठवला. फुटके खापर कोण परत करतो? दुसऱ्या दिवशी ते खापर घासूनपुसून परत आले, त्यावर मूठभर भाजलेले चणे. मग तिने बुरगुल फडक्यात बांधून दिला. फडके धुऊन, घडी घालून आले. घडीत मसूर. मग ती स्वतःच ओच्यात बुरगुल घेऊन शमूनीच्या दारात गेली, तिच्या पातेल्यात ओतला आणि पळायला लागली, तर शमूनीने दारात गाठून तिच्या रिकाम्या ओच्यात दोन कांदे टाकले.

"अगं, तुझ्या हातांना काही रोग झालाय का?" हसीबा ओरडली.

"तुझ्या झालाय," शमूनी म्हणाली. "घे गुमान. भिकारीण नाही मी."

हसीबाने ओचा गोळा केला. ती कांदे घेऊन घरी आली. तुळशीची दोन पाने टाक ना मेले, असे तिला म्हणायचे होते. पण वेढ्यात अन्नाच्या बदल्यात तुळशीची पाने पाठवायची म्हणजे हात पसरल्यासारखेच. तिच्या जागी हसीबा असती, तर तिनेही पाने पाठवली नसती.

आणि एक दिवस टकटक झाली, वाडगा आला, आणि त्यात गहू होता. बुरगुल नव्हे, अख्खा पांढरा टपोरा गहू, ओंजळभर, आणि त्यात साखरेत घोळवलेले पाचसहा चणे.

हसीबा वाडगा घेऊन खालीच बसली. हा गहू ती ओळखत होती. बाळाला पहिला दात आला की गहू उकडायचा, त्यात साखरचणे मिसळायचे आणि शेजारीपाजारी वाटायचा. त्याच्यासाठी शमूनीने सुगीतच गहू निवडून, पांढऱ्या पुरचुंडीत बांधून खुंटीला टांगला होता, आणि नातवाच्या हिरड्या बोटाने चाचपताना तीनदा तरी हसीबाला दाखवला होता. "आला की पहिला वाडगा तुझा," म्हणाली होती.

दात अजून आलेला नव्हता.

हसीबाने झडप उघडली. शमूनी दिसेना. सोसन बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ रडत होते, पण त्याचे रडणे मांजराच्या पिल्लासारखे बारीक झाले होते.

"सोसन, सासू कुठंय?"

"तटाच्या आतच, नदीकडच्या उतारावर गेल्यात, हसीबा खाला, घोळीची भाजी मिळते का बघायला."

"मला खरं सांग. ती काय खाते?"

सोसनचा बांध फुटला. "काही नाही खात. तुम्ही पाठवता ते मला घालतात. आणि त्यांच्या वाटचं जे काही घरात असतं ना, ते तुमच्या वाडग्यात. म्हणतात, शेजारणीचा वाडगा आहे, रिकामा कसा देऊ. काल चुलीपाशी चक्कर येऊन पडल्या. मला शपथ घातलीय सांगायचं नाही म्हणून. खाला, मलाही आता दूध पुरत नाही. त्या उपाशी असताना मला एकटीला घास उतरतच नाही."

"म्हणजे मी तिला खायला घालत नव्हते," हसीबा म्हणाली. "मी तिला उपाशी मारत होते."

तिने झडप लावली. वाडगा पाठवला, तर शमूनी मरणार. नाही पाठवला, तर सोसनचे दूध आटणार आणि बाळ जाणार. तिने पांढऱ्या फडक्यात गव्हाची पुन्हा पुरचुंडी बांधली आणि ती आपल्या खुंटीला टांगली. मग तिने भिंतीकडे पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिली.

जर्जीस घरी आला तो नखशिखांत पांढरा होऊन. शहरातले सगळे गवंडी तटावर होते. तोफांनी तटाला भगदाडे पडत होती आणि हे लोक ती बुजवत होते. भाजलेल्या दगडाचा तो मोसुलचा गिलावा एका दमात कालवायचा आणि पुढच्या दमात लावायचा, नाहीतर हातातच दगड होतो. त्यामुळे तटावर सगळे एकमेकांवर खेकसत काम करत, आणि जर्जीस घरी आला तरी काही वेळ खेकसतच असे.

"गिलावा आहे, दगड नाही!" तो ओरडला. "लोकांनी उंबरे काढून दिले, गोठे पाडले. हम्मामची मागची भिंत नेली. तरी उद्याला पुरत नाही. आता काय माझी हाडं रचू?"

"ही भिंत ने," हसीबा म्हणाली.

"कोणती?"

"ही. मधली."

जर्जीसने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने त्यालाच खणून न्यायला सांगितले होते. "म्हातारे, डोकं फिरलं का तुझं? ही भिंत मी बांधलीय! ओळंबा लाव आणि बघ, केसाइतका फरक नाही. शमूनीच्या सासऱ्यानं तेव्हा हिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला..."

"लोण्यासारखी आहे. माहीत आहे. लग्नापासून ऐकतेय."

"आणि पलीकडं तरणी सून आहे. दोन घरांचा आब आहे की नाही?"

"उस्ता, तुला समोरचं पातेलं दिसत नाही, तू सून काय बघणार आहेस?"

"दिसतं मला!"

"मग हे बघ." तिने पुरचुंडी खुंटीवरून काढली आणि सोडून त्याच्यासमोर धरली.

जर्जीसने वाकून पाहिले. साखरचणा उचलला, आणि परत ठेवला. "दात आला?"

"नाही."

तो खाली बसला. हाताला लागलेला गिलावा नखाने खरवडत राहिला. हसीबाने त्याला सगळे सांगितले. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "अंजीर मी खाल्ले."

"मी पण खाल्ले."

"निम्मी भिंत तिची आहे," तो म्हणाला. "दगड तिच्या सासऱ्याचे, मेहनत माझी. तिला विचारल्याशिवाय मी पहार लावायचा नाही."

"तेच तर मला हवंय," हसीबा म्हणाली.

सकाळी ती शमूनीकडे गेली. कोनाड्यातून नाही, गल्लीला वळसा घालून, पुढच्या दाराने, रिकाम्या हाताने. शमूनी भिंतीला टेकून बसली होती. शेजारणीचे रिकामे हात पाहून तिच्या चेहऱ्यावर आधी हायसे वाटल्यासारखे दिसले, आणि मग ती सावध झाली.

"वाडगा तुझ्याकडं आहे," शमूनी म्हणाली. "मी परत केलाय."

"वाडग्यासाठी नाही आले. मागायला आलेय."

"काय?"

"शमूनी, मला तुझ्याकडून काहीतरी पाहिजे. मोठं आहे. नाही म्हणालीस तरी राग नाही."

शमूनी सरळ होऊन बसली. कितीतरी दिवसांत तिच्याकडे कुणी काही मागितले नव्हते. कुणी येत होते ते द्यायलाच येत होते. तिने डोक्यावरचा रुमाल नीट केला. "माग. घरात असेल तर नाही म्हणणार नाही मी."

"तुझी निम्मी भिंत दे. तटाला दगड पाहिजेत. म्हातारा म्हणतो, तुझ्या सासऱ्याच्या दगडासारखा दगड आता खाणीत निघत नाही."

म्हातारा असे काही म्हणाला नव्हता. पण शमूनी भिंतीकडे वळली आणि तिने तळहात तिच्यावर ठेवला. "सासरे गाढवावर लादून आणत होते," ती म्हणाली. "एकेक दगड. मला म्हणायचे, सूनबाई, ही भिंत तुला पुरून उरेल." मग ती उठली. उठताना तोल गेला तशी हसीबाने तिला धरले, आणि तिने तो हात झटकला नाही. "घेऊन जा. सगळी घेऊन जा. पाया पण काढा. तटावर सांग म्हणावं, माझ्या सासऱ्यांच्या, मतरूकच्या घरचे दगड आहेत. फुकटातले नाहीत."

"सांगते."

"ओरडून सांग. जर्जीसभाऊ पुटपुटतात."

दुपारपर्यंत तटावरची माणसे गाढवे घेऊन आली. पहिली पहार जर्जीसनेच लावली. भिंत पडताना तो दर दगडाला शिव्या देत होता आणि दर दगड कुरवाळूनच पुढे करत होता. "बघा, बघा, सांधा बघा! केस जातो का यात? आणि आता या गाढवांच्या हातात!" गाढवे म्हणजे त्याने माणसांनाच म्हटले होते. कोनाड्याचा दगड निघाला तेव्हा दोन्ही झडपा जमिनीवर पडल्या. हसीबाने त्या उचलल्या आणि सरळ चुलीकडे नेल्या. तेवढेच सरपण.

धूळ बसली, तेव्हा दोन अंगणांचे एक अंगण झाले होते. इकडे हसीबाची चूल, तिकडे शमूनीची. मधे गाढवांची लीद आणि भिंतीच्या पायाची एक पांढरी रेघ.

हसीबाने पातेले चढवले. झडपांच्या जाळावर बुरगुल शिजला. तिने शमूनीने आणलेली घोळ चिरून त्यात टाकली आणि वरून सुमाक भुरभुरला. मग अंगणाच्या मधोमध पांढऱ्या रेघेवर चटई टाकली आणि पातेले चटईवर ठेवले. वाडगा घेतला नाही. चमचे चार आणले.

"सोसन, ये. शमूनी, बस."

शमूनी उभीच राहिली. तिने चटईकडे पाहिले, पातेल्याकडे पाहिले. तिची नजर सवयीने वाडगा शोधत होती. कोनाडा होता तिथे आता नुसती हवा होती. परत काय करायचे आणि कुठून करायचे, हे तिला सुचेना. हळूहळू तिच्या लक्षात आले. ते आधी डोळ्यांत दिसले, मग तोंडाच्या एका कोपऱ्यात.

"दगडासाठी नाही मागितलीस तू भिंत," ती म्हणाली.

"दगड गेले की तटावर. तुझ्यासमोर गेले."

"लबाड आहेस तू, हसीबा. जन्माची लबाड."

"आणि तू? निनवेचा उपास म्हणे! पाद्रीबाबांचं नाव घेऊन खोटं बोलतेस. जाऊन कबूल कर आधी."

"ते मी बघते."

"आधी जेव, मग बघ. पातेलं दोघींचं. दगड दोघींचे गेले, आता घर कुणाचं कुठं संपतं ते मला तरी दिसत नाही. तुला दिसत असेल तर सांग."

"म्हाताऱ्याला विचारू नकोस," जर्जीस मधेच म्हणाला. "म्हाताऱ्याला समोरचं पातेलंही दिसत नाही." आणि त्याने बरोबर पातेल्यात चमचा घातला.

सोसन हसली. हसता हसता तिने सासूचा हात धरून खाली ओढले, आणि शमूनी बसली. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणीच आले. हसीबा दुसरीकडे बघत राहिली. दुसरा घास गेला. तिसऱ्या घासाला शमूनी म्हणाली, "मीठ कमी आहे."

"चाळीस वर्षं तेच ऐकतेय."

"चाळीस वर्षं कमीच आहे."

त्या दिवसापासून स्वयंपाक शमूनीने हातात घेतला. हसीबाचा रांजण आणि शमूनीचा हात. बुरगुल रोज पातळ होत गेला, पण शमूनी त्यात कधी सुका पुदिना घाली, कधी कांद्याची सालेसुद्धा उकळून घाली, आणि जर्जीस बोटे चाटून म्हणे, की वेढा आणखी थोडा चालला असता तरी त्याची हरकत नव्हती. यावर दोघी त्याला एकदमच झापत. पहिला घास शमूनीच्या तोंडात गेल्याशिवाय हसीबा चमचा उचलत नसे. सोसनचे दूध परत आले. बाळाचे रडणे मोठे झाले, इतके की जर्जीस म्हणाला, तटावर नेऊन याला शाहाच्या तोंडासमोर धरा.

मग एका सकाळी तोफा वाजल्या नाहीत. माणसे तटावर चढून बघू लागली. नदीपलीकडचे तंबू उतरत होते. शहरभर कुणी अजान देत होते, कुणी घंटा बडवत होते, आणि गल्लीतल्या बायका गच्च्यांवरून नुसत्या एकमेकींची नावे घेऊन ओरडत होत्या. हसीबालाही ओरडायचे होते, पण शमूनी शेजारीच बसून कांदा चिरत होती. मग तिने नुसता तिच्या पाठीवर धपका घातला.

थंडी पडायच्या आधी दाऊद हलबहून परतला. घरात शिरला, तर अंगण दुप्पट झालेले आणि त्यात उस्ता जर्जीस त्याच्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेला. तो चुकून दुसऱ्याच्या घरात आलो म्हणून माघारी वळला, तेव्हा सोसनला त्याच्या मागे धावावे लागले.

आणि बेहनामला दात आला. शमूनीच्याच बोटाला लागला. ती ओरडली. मग तिला पुरचुंडी आठवली. "गहू तर मी..." एवढेच म्हणाली.

हसीबा आत गेली, आणि खुंटीवरची पांढरी पुरचुंडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. गाठ पक्की होती. शमूनीने सोडून बघितली. गहू होता. साखरचणेही होते.

"चणा एक कमी आहे," शमूनी म्हणाली.

"म्हाताऱ्यानं खाल्ला असेल. माझ्यासमोर उचलून परत ठेवला होता, पण त्याचा भरवसा नाही."

गहू उकडला. सगळ्या गल्लीत वाटला, ओंजळभर गहू गल्लीला पुरेल तेवढा. कुणाच्या हातावर चार दाणे आले, कुणाच्या पाच. पहिला वाडगा ठरल्याप्रमाणे हसीबाचा होता. शमूनीने त्या पोचा पडलेल्या वाडग्यात तिच्या वाटचे दाणे घातले, पांढरी रेघ ओलांडून आली आणि वाडगा तिच्या हातात दिला.

"रिकामा परत करू नकोस," ती म्हणाली.

"परत करतेय कोण!" हसीबा म्हणाली.

हिवाळाभर जर्जीस भिंत पुन्हा बांधायची म्हणत होता. यंदा गिलावा चांगला भाजलेला नाही, दगड हलक्या जातीचा येतोय, ओळंब्याची दोरी उंदरांनी कुरतडली, असे त्याचे रोज काहीतरी निघे. शेवटी वसंतात त्याने एक थर रचला, गुडघ्याएवढा, वरून लोण्यासारखा गुळगुळीत. मग थापी ठेवली आणि हात धुतले.

"झाली," तो म्हणाला.

"ही भिंत?" शमूनीने विचारले.

"मग? तुम्हाला दोघींना बसायला किती उंच पाहिजे?"